डोंगर आला, आबा हुकले

आमच्या गुऱ्हाळाचा तो शेवटचा हंगाम होता. आई गेल्यापासून ते रेटायचं बळ घरात उरलं नव्हतं; पुढच्या वर्षीपासून ऊस बिद्रीच्या कारखान्याला घालायचा, असं ठरलं. माझे वडील, आबा, स्वतःच गूळ करणारे गुळव्या. उभा जन्म रस आटवायच्या काईलीपाशी गेलेला. त्यांनी माझ्याकडं एकच मागितलं.

"एक फोटू काढ. म्होरं मी आन काईल, मागं उसाचा फड, त्याच्या मागं डोंगर. समदं लख्ख दिसलं पायजे."

मी नुकतीच वाइड अँगल लेन्स घेतलेली. काय तो माझा रुबाब! दिसेल त्याला सांगत सुटले होते, "ह्यात अख्खं कोल्हापूर मावतंय की!" काईलीला चिकटून ट्रायपॉड लावला. छपरात अंधार, म्हणून अपर्चर पुरतं उघडलं. फोकस धरला डोंगरावर. वाइड लेन्स हाय, जवळचं आपोआप येतंय, हा माझा गाढवपणा. कॅमेऱ्यामागच्या एवढ्याशा पडद्यावर झकास दिसलं. मोठं करून बघायचं सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी काईल उतरवून तिच्याखालचं चुलवाण पाडलं.

घरी कॉम्प्युटरवर फोटो उघडला. डोंगरावरचं झाडन्‌झाड मोजून घ्यावं असं. आणि पुढं वाफेत विरघळलेला एक पांढरा सदरा.

आबांनी चष्मा सारखा केला. "डोंगर बेस आलाय. आन ह्ये म्हातारं कोन?"

"तुम्हीच हलला असाल!" मी खेकसले. आबा खांबागत उभे होते. त्या बोलण्याची अजून लाज वाटते.

पुढं कळंब्याच्या तळ्यावर फेऱ्या मारून मारून शिकले. फोकस डोंगरावर नको, पायापाशीही नको; जवळच्या वस्तूच्या जरासं पलीकडं धरायचा, अपर्चर उघडं न ठेवता बारीक करून अकरावर ठेवायचं. मग पुढ्यातल्या दगडापासून पार डोंगरापर्यंत सगळं स्वच्छ येतं. एवढं सोपं होतं, आणि मला उशिरा कळलं.

तशीच पुन्हा शेतात गेले. म्हटलं, "आबा, हुबं ऱ्हावा. आता चुकायची न्हाय मी."

"काईल न्हाय, चुलवाण न्हाय. बुजगावण्यागत कशाला हुबा ऱ्हाऊ?" म्हणाले आणि बांधावर जाऊन बसले. मी तरी फोटो काढला. गवत, फड, डोंगर, सगळं लख्ख.

दोन्ही फोटो मोठे करून, चौकटीत घालून घरी नेले. पुढच्या सोप्यात खिळ्याला जागा एकच. आबांनी हुकलेला उचलला.

मी चिडलेच. "आवो, त्यो चुकलाय! लोकं हसतील."

"हसू देत की." त्यांनी काचेवरनं हात फिरवला. "तुझी आय काईलीच्या पल्याड, जाळाला घालायचं चिपाड घिऊन हुबी ऱ्हायची. वाफंतनं मला जलमभर आशीच दिसली."

मी हातोडी त्यांच्या हातात दिली.