बेल मी दिली होती

आमच्या गल्लीत रेवणप्पाइतकं वाचणारा माणूस दुसरा नाही, आणि त्यानं उभ्या आयुष्यात एक पुस्तक पुरतं केलेलं नाही. तो पाट्या वाचतो. लातुरातल्या कुठल्या सलूनवर ‘वाट बघणाऱ्यांनी सल्ले देऊ नयेत, डोकं दुसऱ्याचं आहे’ असं लिहिलंय, कुठल्या हॉटेलात ‘पाणी मागाल तेवढं मिळेल, पण मागाल तेवढंच मिळेल’ अशी पाटी आहे, सगळं त्याला तोंडपाठ. माझं किराणा दुकान. सकाळी तो पायरीवर येऊन बसतो आणि नव्या मालाच्या पुड्यांवरचा मजकूर मोठ्यानं वाचतो. गिऱ्हाईक थांबलेलं असतं, पण मसाल्याच्या पुडीवरची ओळ आवडली की ती मी ऐकल्याशिवाय पुडी हातातून सुटत नाही.

त्याला आणखी एक खोड आहे. पाटी आवडली की तो खालच्या नंबरावर फोन लावतो आणि “पाटी झकास हाय,” असं सांगतो. पलीकडचा विचारतो, काय पाहिजे? हा म्हणतो, काही नाही. फोन कट होतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी पुण्याला. दिवसभरात त्याच्याशी बोलणारी माणसं दोनच, एक मी आणि दुसरे हे फोन कापणारे. मला त्याचा वैतागही येतो आणि तो आला नाही तर सकाळ सुनीही जाते.

तो एस.टी.त कंडक्टर होता. बजरंग नावाचा ड्रायव्हर आणि हा, दोघांनी लातूर-नांदेड फेरी बारा वर्षं जोडीनं केली. बजरंग पुढच्या ट्रकांच्या पाठी वाचायचा, हा खिडकीतून दुकानं. वाटेत लोह्याला चहा घेताना दोघांनी आपापली एकेक ओळ काढायची आणि पोट धरून हसायचं. एवढं मला ठाऊक होतं. पुढचं त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

मागच्या महिन्यात मी लग्नासाठी नांदेडच्या पुढं नायगावला गेलो. तिथं रस्त्याकडेला चहाचं हॉटेल दिसलं. बाकड्यावर जुन्या एस.टी.तली घंटी दोरीसकट टांगलेली, आणि वर पाटी:

हॉटेल डबल बेल
एक बेल दिली की चहा येईल.
दोन बेल दिल्या की निघावं.
बेल देऊन दिली नाही म्हणू नये.
मालक : बजरंग

खाली फोन नंबर. रेवणप्पा खूश होईल म्हणून मी फोटो काढून आणला. त्यानं तो पाहिला आणि हसला नाही. फोन माझ्या हातात परत देऊन तो पायरीवर बसला. मग सांगायला लागला.

चौदा वर्षांपूर्वी लोह्याच्या पुढं एका थांब्यावर गाडी उभी होती. पलीकडच्या भिंतीवर कुणी नवी पाटी रंगवत होतं. रेवणप्पानं सवयीनं डबल बेल दिली, आणि गाडी हलायच्या आत वाचून येऊ म्हणून खाली उतरला. गाडी निघून गेली. पुढच्या थांब्याला बेल वाजेना, तेव्हा बजरंगनं मागं वळून पाहिलं. भरलेली गाडी, आणि कंडक्टर नाही. चार दिवस दोघं त्यावर हसले. पण कुणीतरी तक्रार केली, चौकशी लागली, आणि हा घाबरला. ‘मी बेल दिली नव्हती, ड्रायव्हरनं आपल्या मनानं गाडी काढली,’ असं लिहून दिलं. बजरंगची बदली झाली. लोक त्याला ‘बिनबेल’ म्हणायला लागले, ते नाव रिटायर होईपर्यंत सुटलं नाही.

मी विचारलं, पाटीवर होतं तरी काय?

“आठवत न्हाई,” तो म्हणाला. ज्याला सगळं लातूर पाठ, त्याला तेवढी एक पाटी आठवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो नायगावला गेला. बजरंगनं ओळखलं, चहा आणून ठेवला. रेवणप्पा म्हणाला, “बेल मी दिली व्हती, बजरंग.”

बजरंग बाकडं पुसत होता. “मला कशाला सांगून राहिला? मी तर ऐकली व्हती,” म्हणाला, आणि दोरी ओढून दोनदा घंटी वाजवली. रेवणप्पा उठला.

त्यानंतर आठ दिवस तो दुकानाकडं फिरकला नाही. मग कळलं, बसस्टँडसमोर रिटायर ड्रायव्हर-कंडक्टर बसतात त्या चहाच्या टपरीवर त्यानं स्वतःची पाटी लावली: ‘त्या दिवशी डबल बेल मी दिली होती. बजरंग ड्रायव्हरची चूक नव्हती. मी खोटं लिहून दिलं. रेवणप्पा, कंडक्टर.’ खाली नंबर, सगळ्या पाट्यांना असतो तसा. जरा चटकदार लिहायचं की, मी म्हणालो. आयुष्यभर गंमत वेचणारा माणूस म्हणाला, ह्यात गंमत घालायची नाही.

तरी कॉलेजची पोरं ती वाचून हसली. कुठल्यातरी नव्या हॉटेलची जाहिरात असेल असं त्यांना वाटलं. त्याला फोन यायला लागले, पाटी झकास आहे म्हणून. जुने ड्रायव्हर मात्र हसले नाहीत. हा आला की ते बाकडं सोडून पलीकडच्या टपरीवर जाऊन बसतात. आपल्या माणसांत तो आता एकटा पडला. मला वाईट वाटलं, आणि ते त्यांचं चुकलं असंही मला म्हणवेना.

त्या पाटीचा फोटो मी गुपचूप नायगावच्या नंबरावर पाठवला होता. उत्तर आलं नाही.

काल सकाळी रेवणप्पा पायरीवर बसला होता. पुडे समोर पडलेले, पण वाचत नव्हता. त्याचा फोन वाजला. असेल कुणी पाटी आवडलेला, म्हणून त्यानं कंटाळून स्पीकर लावला. पलीकडं कुणी बोललं नाही. कपबशा वाजल्या, स्टोव्हचा आवाज आला. मग घंटी वाजली, एकदाच. आम्ही दोघं दुसरी वाजायची वाट बघत राहिलो, पण ती वाजली नाही आणि फोन बंद झाला.

रेवणप्पानं चपला घातल्या आणि मला विचारलं, नांदेडची गाडी किती वाजता आहे. तीस वर्षं त्याच गाडीवर काढलेल्या माणसाला ती वेळ मी सांगितली.