इंगवले सरांचा फेटा

हंबीरराव इंगवले सरांनी मोठ्या मैदानावर आयुष्यात एकच गोल मारला, आणि तो आपल्याच जाळीत मारला.

सदुसष्ट सालची गोष्ट. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ पेठांतल्या तालमींचे; त्यातल्या खणीवरची तालीम आणि चावडीची तालीम यांची फायनल. हंबीरराव तेव्हा तेवीस वर्षांचे, खणीवरच्या तालमीचे कायमचे बारावे गडी. चार वर्षं बाहेर बसून दुसऱ्यांचे बूट सांभाळल्यावर त्या दिवशी एक बॅक लंगडायला लागला म्हणून त्यांना आत सोडलं. पहिलाच बॉल पायात आला. समोरून चावडीचा रांगडा फॉरवर्ड येताना बघून ते घाबरले आणि बॉल मागं गोलकीपरकडं ढकलून मोकळे झाले. गोलकीपर तोवर पुढं आला होता. बॉल त्याच्या बगलेतून सावकाश, म्हातारं माणूस देवळात शिरावं तसा जाळीत शिरला.

माणूस मेला तर पेठ बाराव्यानंतर विसरते. हे विसरली नाही. हंबीरराव शिकले, पदवी घेतली, कॉलेजात जिमखान्याचे सर झाले, फुटबॉलचे कोच झाले. पण संध्याकाळी दूधकट्ट्यावर गेले की गवळी धार काढता काढता म्हणायचा, "सर, हिकडनं या. म्हस उलटी लाथ मारती, तुमच्यावाणी." गारगोटीला मुलगी बघायला गेले तर मुलीच्या मामानं पोह्याची बशी हातात घेऊन विचारलं, "उलटं मारलेलं ते तुमीच न्हवं?" लग्न झालं, पण पुढं तीस वर्षं घरात कशावरूनही वाजलं तरी बायकोला शेवटचा शब्द शोधावा लागला नाही.

यातून सुटायची एकच वाट होती, ती म्हणजे तालमीचा फेटा. खणीवरच्या तालमीच्या वर्धापनदिनी दरसाल एका जुन्या माणसाला तालमीच्या दारात, सगळ्या पेठेसमोर फेटा बांधतात. ज्याला बांधला त्याला पुढं कुणी अरेतुरे करत नाही आणि त्याचं मागचं काही काढत नाही. काढलंच तर तालमीची पोरं काढणाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहतात. सरांना पगारवाढ नको होती, विद्यापीठाचा करंडक नको होता. त्यांना तो फेटा पाहिजे होता.

कोच म्हणून सर वाईट नव्हते, माणूस म्हणून होते. पहाटे मैदानावर वेताची छडी घेऊन उभे राहायचे. बॉल चुकला की पोटरीवर एक. सांगलीत हरून आलेल्या संघाला त्यांनी एकदा स्टँडवरून कॉलेजपर्यंत अनवाणी, बूट गळ्यात घालून चालवत नेलं होतं. पोरं त्यांना भ्यायची आणि त्यांच्या हाताखालून निघालेली पोरं पोलिसात, रेल्वेत लागायची, म्हणून आईबाप आणून घालायचे.

प्रसेनजीत कांबळे असाच आला. हातकणंगल्याचा. बाप गणपती स्टेशनावर हमाली करायचा. पोराचा डावा पाय असा, की पंचवीस पावलांवरून सांगून बॉल खांबाला लावायचा. सरांनी त्याला कॉलेजात घेतलं, हॉस्टेलवर ठेवलं, घरून दूध आणून पाजलं. छडीही सगळ्यांत जास्त त्यालाच. पोरगं म्हणायचं, "मारत्यात ते माझ्या भल्यासाठीच की."

पेठेत खेळायची वेळ आली तेव्हा सर त्याला खणीवरच्या तालमीत घेऊन गेले. कमिटीतल्या एका म्हाताऱ्यानं त्याचं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, आणि म्हणाला, "बघू की, फुडच्या साली." चावडीच्या तालमीनं त्याच आठवड्यात जर्सी दिली. तिथं जेवणावळीला त्याला पंगतीत न बसवता डबा बांधून देत, हे खरं. पण जर्सी दिली.

शहाण्णव साली पुन्हा खणीवरची आणि चावडीची फायनल लागली. चावडीच्या फॉरवर्डला प्रसेनजीत. अख्ख्या हंगामात त्याला कुणी अडवलं नव्हतं.

फायनलच्या आदल्या दिवशी सरांनी कॉलेजचा सराव ठेवला. कॉलेजच्याच संघात सयाजी भोसले नावाचा बॅक होता. हाडाचा खणीवरचा, आजोबांपासून तालमीत. सरांनी त्याला गोलखांबाच्या मागं नेलं.

"सया, उद्या प्रसेन सुटला तर तुमचा बॅक काय करंल?"

"बघत बसंल की सर. दुसरं काय करतोय."

"मग तू आजच बघ जरा. घोट्याकडं."

सयाजीनं आधी सरांकडं बघितलं, मग मैदानाकडं. "सर, आपल्याच कॉलेजचं प्वार हाय त्ये. फुडच्या म्हयन्यात विद्यापीठाच्या म्याची हायत."

"कॉलेजला पोरं दरसाल येत्यात," सर म्हणाले. "आणि बाहेर बोललास तर परीक्षेला बसशील का न्हाय, ते मला ठरवायला लागंल."

सयाजीनं बघितलं. ओला ऊस मोडावा तसा आवाज झाला. सर शिट्टी वाजवत धावत गेले, आणि ते धावणं नाटकी नव्हतं. पाय किती गेलाय हे त्यांना खरोखरच बघायचं होतं. मग तिघंही सरांच्या स्कूटरवर बसले. पुढं सर, मधे प्रसेनजीत, मागं सयाजी. तुटलेला पाय लोंबकळू नये म्हणून सयाजीनं तो दवाखान्यापर्यंत दोन्ही हातांत धरून ठेवला होता. प्रसेनजीत वाटेत त्यालाच धीर देत होता, "सया, तू मनाला लावून घिऊ नगं. बॉलवरच आलतास तू."

दुसऱ्या दिवशी त्याची आई सरूबाई आली. फडक्यात शेंगा बांधून आणल्या होत्या. सर खाटेशेजारी बसलेले बघून तिनं पदर सावरला.

"गुरुजी, तुमी हुतासा म्हनून. न्हायतर कुनी बघितलं असतं ह्येच्याकडं? सख्खा बाप बी रातभर बसला न्हाय, तुमी बसलासा."

"कर्तव्यच हाय आमचं," सर म्हणाले.

"पळंल न्हवं पैल्यासारका?"

"डॉक्टर बघत्यात की."

डॉक्टरांनी बघितलं होतं. पळणार नव्हता. सरांनी शेंगा फोडून खाल्ल्या. चांगल्या भरलेल्या होत्या. दुपारी ते उठले आणि फायनलला गेले.

खणीवरची तालीम एका गोलानं जिंकली. गुलाल उधळला, हलगी वाजली, पोरांना खांद्यावर घेतलं. सर गर्दीत नाचायला पुढं झाले तेव्हा कुणीतरी त्यांना कोपरानं बाजूला केलं. "सर, जरा लांब थांबा. बॉल तुमच्या पायाला लागायचा चुकून."

आता सरांची खरी पंचाईत झाली. केलं ते फेट्यासाठी. पण सांगितल्याशिवाय फेटा मिळणार नव्हता आणि सांगायची सोय नव्हती. पोलीस होते, कॉलेज होतं, नोकरी होती. मग ते तालमीच्या कट्ट्यावर बसून नुसतं सुचवायचे. "त्या फायनलला आमचाबी थोडा हात हुता, बरं का." समोरचा म्हणायचा, "हात हुता तवर बरं हाय सर. पाय न्हवता न्हवं?" आणि कट्टा हसून आडवा व्हायचा.

प्रसेनजीतचं पोलीस भरतीचं स्वप्न गेलं. पाय वाकडा जुळला. सरांनी त्याला ओळखीनं लायसन काढून दिलं, जीपवर ड्रायव्हर लावलं. पुढं त्यानं स्वतःची जीप घेतली आणि हातकणंगले–कोल्हापूर शिटा भरून न्यायचं वडाप सुरू केलं. वाटेत सर दिसले की भरलेली गाडी थांबवायचा, पुढच्या शिटाला उठवायचा. "सर बसणार हायत. ह्यांनी पोटाला लावलंय मला." बायकोला, संघप्रियाला, त्यानं सरांच्या पाया पडायला घरी आणलं होतं. सरांनी तिच्या हातावर नारळ ठेवला.

दोन हजार चार साली सर रिटायर झाले. कॉलेजनं शाल दिली, प्राचार्यांनी नाव चुकवून भाषण केलं. सरांचं तिकडं लक्षच नव्हतं. आठ दिवसांवर तालमीचा वर्धापनदिन होता, आणि तालमीचा अध्यक्ष आता सयाजी होता. नगरसेवक झाला होता, पोट सुटलं होतं, गळ्यात चेन आली होती. सर त्याच्या घरी गेले.

"सया, आता नोकरी न्हाय माझी. कोण काय वाकडं करतंय? तू सांग कमिटीला, त्या फायनलचं."

सयाजीनं चहाचा कप खाली ठेवला. "सगळं सांगू?"

"कमिटीपुरतं सांग."

"बरं," सयाजी म्हणाला. "पोरंबाळं आणा तुमची. कॉलेजची. खुर्च्या भरलेल्या बऱ्या दिसत्यात."

सरांनी निरोप धाडले. छडी खाल्लेल्या पोरांपैकी कॉलेज सुटल्यावर कुणी सरांचं तोंड बघितलं नव्हतं, तेव्हाही आली नाहीत. एकटा प्रसेनजीत आला. इस्त्रीचा शर्ट घालून, धंदा बुडवून, दुसऱ्या रांगेत बसला.

तालमीच्या दारात मांडव होता. एक कसबी माणूस सरांच्या मागं उभा राहून फेटा बांधायला लागला, आणि सयाजीनं माईक घेतला. सयाजीला माईक मिळाला की त्याला कमिटी आणि पेठ यांतला फरक कळत नसे.

"सरांस्नी आपण लई हिणवलं. उलटं मारलं, उलटं मारलं. पण शहाण्णवची फायनल कुणामुळं जिंकली? आदल्या दिशी सर मला म्हणालं, सया, घोट्याकडं बघ. मी बघितलं. गुरूची आज्ञा. आपल्या कॉलेजचं प्वार, हाताखाली वाढवलेलं, पण पेठंसाठी मागं फुडं बघितलं न्हाय सरांनी. ह्येला म्हणायचं निष्ठा."

पेठेत शिट्ट्या सुरू झाल्या. सयाजीला दुसऱ्या रांगेतला इस्त्रीचा शर्ट दिसला. तो आणखी खुलला. "आणि ह्यो बघा, आलाय की. मन मोठं हाय गड्याचं. प्रसेन, ये वर. खेळातलं खेळात."

मागच्यांनी ढकललं म्हणून प्रसेनजीत वर आला. एक पाय टेकवत, दुसरा ओढत तीन पायऱ्या चढला. त्यानं सयाजीकडं बघितलंच नाही. सरांच्या समोर उभा राहिला.

"सर, ह्यो म्हणतोय ते खरं हाय?"

माईक जवळ होता. सगळ्यांना ऐकू गेलं. फेटा बांधणारा थांबला. अर्धा फेटा डोक्यावर होता, अर्धा त्याच्या हातात लोंबत होता. सरांनी नाही म्हटलं असतं, तर सयाजी खोटा पडला असता, फेटा तिथंच सुटला असता, आणि एक पोरगं त्यांचं राहिलं असतं.

सरांनी मान न हलवता मागच्याला म्हटलं, "बांध की. थांबलास का?"

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रसेनजीत तसाच वळला आणि उतरला. लोकांनी त्याला वाट करून दिली. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी जेवून जायचा आग्रह केला. तो थांबला नाही.

त्या दिवसापासून सदुसष्ट सालचं कुणी काढलं नाही. सर रोज कट्ट्यावर बसायला लागले. नवी पोरं आली की सयाजी म्हणायचा, "सर, घोट्याचं सांगा." आणि सर सांगायचे. पहिल्या वर्षी दोन वाक्यांत, चाचरत. पुढं गोलखांब आला, उसाचा आवाज आला, स्कूटर आली. सरूबाईच्या शेंगाही आल्या; तिथं पोरं जास्त हसायची, म्हणून सर तिथं थांबून हशाला जागा द्यायला शिकले.

मध्ये एकदा हातकणंगल्याला कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं. एस.टी. चुकली. सर वडापच्या थांब्यावर उभे राहिले आणि प्रसेनजीतची जीप आली. सर दारापाशी गेले. पुढं एक पोतं ठेवलेलं होतं. ते त्यानं उचललं नाही. सर मागं जाऊन कडेला बसले.

गाडी सुटायच्या आधी त्यानं आरशातून मागं बघितलं. नजर बाकीच्यांवरून गेली तशीच सरांवरून गेली.

"पावणं, जरा आत सरका," तो म्हणाला. "अजून दोन शिटा बसायच्यात."

सर आत सरकले.