बाईंच्या वाटणीचा ठसा

साबणाने हात सोलून निघाले तरी नखांतली शाई जायची नाही, म्हणून चित्रशाळेत बाईंचं नाव शाईबाई पडलं होतं. जेवणानंतरच्या कलेतिहासाच्या तासाला पोरं पेंगायची, तेव्हा बाई सगळ्यांना उठवून छपाईच्या यंत्रापाशी नेत आणि इतिहास तिथेच शिकवत.

पत्र्यावर सुईने ओरखडून चित्र काढलं की ओरखड्याच्या कडेला धातूची बारीक कुसळं उभी राहतात. तीच शाई धरतात, आणि कागदावर काढलेल्या दर ठशाला दाबाखाली झिजतात. जुन्या चित्रकारांचे पहिले ठसे एवढा भाव का खातात ते यावरून समजा, असं बाई सांगत.

हे सगळं पाठ असलेल्या बाईंनीच स्वतःचा घात करून घेतला. त्यांनी आपल्या लेकीचं, छकुलीचं चित्र पत्र्यावर ओरखडलं होतं, गालाखाली मूठ घेऊन झोपलेली. ठसा घ्यायचा राहून गेला, आणि पोर तापाने गेली. मग सासूबाईंनी ठसा मागितला. पहिला त्यांना दिला. नंतर मामा, आत्या, शेजारच्या काकू. जो तो रडतच दारात यायचा, नाही कुणाला म्हणायचं? नवरा म्हणाला, आधी आपल्यासाठी एक काढून ठेव.

"अहो, आपलं काय, घरचंच आहे," बाई म्हणाल्या. "मागून काढू."

सगळ्यांना वाढून मग स्वतः पानावर बसायचं, ही जन्माची सवय इथे नडली. बाईंनी स्वतःसाठी ठसा काढला तेव्हा पापण्या गेल्या होत्या, केस गेले होते. हनुवटीची एक रेघ आणि मूठ तेवढी उरली होती. सासूबाईंकडे मागितला असता तर त्यांनी आपला ठसा दिलाही असता. पण म्हातारीच्या उशाची नात उचलून कशी आणायची? बाईंनी तो विषयच काढला नाही. त्या रात्र रात्र रडल्या, एवढंच.

झिजलेला पत्रा कसा छापतो हे दाखवायला बाई दरवर्षी तोच ठसा वर्गात आणतात. यंदा एका पोरीने तो उजेडाला धरून पाहिला.

"बाई, हा तर वाया गेलेला आहे. टाकला का नाही?"

बाई बोटं पुसत राहिल्या. शाई काही निघाली नाही.

"माझ्या वाटणीला तोच आला गं," त्या म्हणाल्या.