हुकूम कुणी दिला

“बाहेर थांब. पासवर्ड टाकायचाय.”

सर असं म्हणाले की मी उठायची. खुर्ची मागे सारून दाराबाहेर जायची. तिथे सगळ्यांच्या चपला काढलेल्या असायच्या. त्या चपलांत मी उभी. आत पाच-सहा वेळा खटखट व्हायची, मग हाक यायची, “ये.” की मी आत.

दोन वर्षं हे असं चाललं. आमची कंपनी म्हणजे वसईतल्या एका इमारतीतल्या दोन खोल्या. लोकांचे सर्व्हर सांभाळायचं काम. लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालणारे. मी मदतनीस आणि सर सीनियर. आम्हा दोघांवरचे मालक, त्यांना सगळे साहेब म्हणायचे. माझ्यानंतर सहा महिन्यांनी एक मुलगी लागली, सरांच्याच कॉलेजातली, त्यांच्याच ओळखीतल्या घरातली. तिला तिसऱ्या दिवशी पासवर्ड मिळाला. मी विचारलं, “सर, मला कधी?” सर हसले. म्हणाले, “केबल लावायला पासवर्ड लागतो का?” ती मुलगी पण हसली. मी पण हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मी नायगावच्या खाडीकडची. माझ्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर काम केलेलं. बाबांच्या टाचा बघाल तर कळेल, मीठ माणसाला कसं खातं. ऑफिसात एकदा तोंडातून “पानी” गेलं, तर महिनाभर मला त्यावरून चिडवलं. पुढे पुढे मी तिथे बोलायचीच कमी झाले.

पण वाचायचं मात्र मी सोडलं नाही.

हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावरच आहे. माझा पहिला कॉम्प्युटर जुना, भंगारात निघालेला. त्यावर दुसरं काही चालेना म्हणून लिनक्स टाकलं. काही बसवायला गेलं की लाल अक्षरांत इंग्रजी ओरड. विचारायला कुणी नाही. मग मी तो मेसेज वहीत उतरवायची आणि डिक्शनरी घेऊन एकेक शब्द लावायची. एकेका मेसेजला कधी कधी अख्खी दुपार जायची. त्यातून एक कळलं. मशीन खोटं बोलत नाही. काय अडलं, कशामुळे अडलं, मी आता काय काढणार, काय घालणार, सगळं आधी सांगतं. मग विचारतं, करू का? हो असेल तर वाय दाबा.

सर वाय दाबायचे. वाचायचे नाहीत. इंग्रजी त्यांना पाण्यासारखं येत होतं, म्हणूनच वाचायची गरज वाटत नसावी.

तर त्या दिवशी आम्ही माणिकपूरच्या लॅबमध्ये. रक्त-लघवी तपासायची लॅब. मागच्या खोलीत सर्व्हर. पेशंटचे रिपोर्ट मोबाईलवर जावेत म्हणून सर एक नवा प्रोग्राम बसवत होते. आता हे पॅकेज प्रकरण थोडक्यात सांगते. कुठलाही प्रोग्राम एकटा नसतो. त्याला दुसरी पॅकेजं लागतात, त्यांना तिसरी. मिठागरात पाणी एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात जातं तसं. मधला एक बांध फुटला की पुढे मीठ धरतच नाही. लॅबची सिस्टिम जुनी. नव्या प्रोग्रामला नवं पॅकेज हवं. सरांनी कुठल्याशा साइटवरून ते उतरवलं, जे दुसऱ्याच, नव्या सिस्टिमसाठी होतं, आणि जबरदस्तीने घुसवलं. जबरदस्ती करायचाही एक हुकूम असतो. तो देताना मशीन बजावतं, हे बरं नाही.

मग व्हायचं ते झालं. सगळं एकमेकांत अडकलं. काहीच बसेना. सरांनी दुरुस्तीचा हुकूम दिला. मी नुकतीच चपलांतून आत आले होते. स्क्रीनवर यादी आली. खालील पॅकेजं काढून टाकली जातील. मी वाचत गेले. तिसऱ्या ओळीत डेटाबेस. म्हणजे लॅबचे सगळे रिपोर्ट ज्यात राहतात, तो प्रोग्राम.

मी म्हटलं, “सर, एक मिनिट. यादीत डेटाबेस आहे.”

सरांनी मान वळवली नाही. “तुला कुणी विचारलं? जा, बाहेर थांब.”

या वेळी पासवर्डसुद्धा टाकायचा नव्हता.

मी गेले. तेव्हा मी त्यांचा हात धरायला हवा होता. ओरडायला हवं होतं. मी मूग गिळून बाहेर जाऊन उभी राहिले. आतून एका बटणाचा आवाज आला. तो वायचा.

थोड्या वेळाने सर बाहेर आले. “झालं. रिस्टार्ट करून घे,” म्हणाले, चपला घातल्या आणि मुंबईच्या मीटिंगला निघून गेले. मी रिस्टार्ट केलं. लॅबचा प्रोग्राम उघडेना.

लॅब सांभाळायच्या फिलोमिना मॅडम. वसईच्या होळी भागातल्या, पन्नाशीच्या, शांत बाई. त्या येऊन म्हणाल्या, “बाय, बाहेर पेशंट बसलेत. एकाचं ऑपरेशन आहे दुपारी, रिपोर्ट पाहिजे.” सरांना फोन लावला. उचलला नाही. साहेबांना लावला. ते रिक्षा करून धावत आले.

साहेबांनी सरांना दहा फोन केले. शेवटी मेसेज आला. पासवर्ड, आणि खाली एक ओळ. “तिला हात लावू देऊ नका.” साहेबांनी मोबाईल छातीशी धरला. माझ्याकडे बघितलं. पासवर्डवाली ती मुलगी रजेवर, दुसरं कुणी नव्हतंच.

“तुला जमेल?”

“जमेल.”

“मग जरा बाहेर हो. टाकतो.”

मी बाहेर गेले. साहेब एका बोटाने टाईप करायचे. दोनदा चुकले. मग हाक.

त्या सिस्टिमचा नियम असा की पंधरा मिनिटं काही बदलायचा हुकूम दिला नाही, तर ती पुन्हा पासवर्ड मागते. आणि मला तर वाचायचं होतं. काय काढलंय, काय अडकलंय, कशाला कोण हवंय. मी वीस मिनिटं वाचायची, हुकूम द्यायला जायची, की पासवर्ड. “साहेब.” “हां, बाहेर हो.” मी बाहेर. पेशंट माझ्याकडे बघायचे. एक आजी म्हणाली, “पोरी, तुझा पन रिपोर्ट हाय का?” अशी त्या दुपारी मी सात वेळा बाहेर गेले. सातव्यांदा डोक्यात अशी तिडीक गेली की वाटलं, तसंच चालत सुटावं. पण आत त्या ऑपरेशनवाल्या माणसाचा रिपोर्ट अडकलेला.

सापडलं. सरांनी कधीतरी, अपडेटची कटकट नको म्हणून, तीन पॅकेजं जागच्या जागी बांधून ठेवली होती. ती हलत नव्हती आणि जबरदस्तीने घुसवलेलं नवं त्यांच्याशी पटवून घेत नव्हतं. मी आधी नवं काढलं. बांधलेली तीन सोडली. प्रत्येक हुकूम आधी नुसता करून बघितला, खरं काही न बदलता. तशी सोय असते, कुणी वापरत नाही. मग डेटाबेसची तीच जुनी आवृत्ती मशीनच्याच साठ्यात सापडली, ती बसवली. प्रोग्राम काढला तरी आतला डेटा डिस्कवर तसाच राहतो, हे मला माहीत होतं. उघडलं. सगळे रिपोर्ट जागेवर. प्रिंटर चालू झाला. फिलोमिना मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि रिपोर्ट घेऊन पळाल्या.

सकाळी काय काय निघालं होतं ते मी एका फाईलमध्ये बघितलं होतं. मशीन प्रत्येक बसवणं-काढणं त्यात लिहून ठेवतं. किती वाजता, हुकूम काय, आणि हुकूम कुणी दिला. ती फाईल वाचायला पासवर्ड लागत नाही. कुणीही वाचावी. आता काम झाल्यावर पुन्हा उघडली. डेटाबेस काढला, तिथे सरांचं नाव. खाली मी केलेली दुरुस्ती. तिथेही सरांचंच नाव. पासवर्ड त्यांचा ना. मी मोबाईलवर फोटो काढून घेतला. का काढला, तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

चार दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सर आधीच बसलेले. टेबलावर एक कागद. लॅबच्या मालक डॉक्टरांनी लेखी खुलासा मागितला होता. कागदावर लिहिलं होतं की मी, म्हणजे माझं पूर्ण नाव, परवानगी नसताना सर्व्हरवर काम केलं, माझ्या चुकीमुळे डेटाबेस निघाला, सीनियरनी तो परत आणला, मी माफी मागते.

मी दोनदा वाचलं. माझी सवयच ती.

“साहेब, मला पासवर्डच माहीत नाही. मी कसं काढणार?”

साहेब खिडकीकडे बघत होते. मी मोबाईल काढून तो फोटो पुढे धरला. त्यांनी बघितला. त्यांना कळलं, त्यांच्या तोंडावर दिसलं. मग म्हणाले, “हे डॉक्टरांना कळतं का? त्यांना कागद कळतो. कुणाचं तरी नाव द्यावं लागतं. सरांचं दिलं तर काम हातचं जाईल. सही कर. पुढच्या महिन्यात तुला कायम करतो.”

“आणि नाही केली तर?”

“तर अनुभवाचं पत्र विसर.”

सर मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, “या लोकांना जवळ केलं की हे असं होतं.”

मी एक दिवस मागितला. साहेबांनी दिला.

घरी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. ते ओटीवर बसून टाचेवरची साल काढत होते. म्हणाले, “कर सही. मिठागर बंद केला तवा मी पन दिला हुता अंगठा. सोताच्या मर्जीनी काम सोडतो, असा लिवलेला त्याच्यात. मना काय वाचता येतं? मागून कललं. मंग काय झाला? जगलो ना.”

जगलो ना. मी त्यांच्याकडे बघत राहिले. या माणसाला तीस वर्षं राबवून घेतलं, खोट्यावर अंगठा घेतला, आणि तो मला तेच करायला सांगतोय, तेही मायेनं. मला त्यांचा राग आला. मग त्या रागाचीच लाज वाटली. त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून फसवलं. मला वाचता येतं. मी वाचून, समजून, खाली सही करायची? मग लहान वयात मी त्या सगळ्या दुपारी डिक्शनरी घेऊन कशासाठी बसत होते?

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेले. कागद तोच. साहेबांनी पेन पुढे केलं. मी पेन घेतलं, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मोबाईलमधून बघून तीन ओळी उतरवल्या. वेळ. हुकूम. हुकूम कुणी दिला. खाली माझी सही केली, पूर्ण नावाने.

“खरं आहे त्याच्यावर सही केलीय. ठेवा.”

साहेब म्हणाले, “मग उद्यापासून येऊ नकोस. नुकसान तुझंच आहे.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

सरांनी कागद ओढून घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मला वाटलं होतं, निदान तो खोटा कागद तिथेच मेला. कसला मरतो. पंधरा दिवसांनी माणिकपूरच्या बाजारात फिलोमिना मॅडम भेटल्या. म्हणाल्या, कंपनीचं पत्र आलं, संबंधित मुलीला कामावरून काढलंय असं. नाव माझंच. सहीची गरजच पडली नाही. साहेबांच्या शिक्क्याने काम भागलं. मी म्हटलं, “मॅडम, तुम्ही तर सगळं बघितलंत. डॉक्टरांना सांगाल?” त्या भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिल्या. “मी मध्ये नाही पडणार, बाय. माझी पण नोकरी आहे.” त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

तो फोटोही मी डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. निळ्या खुणा झाल्या. उत्तर नाही.

म्हणजे मी सही केली नाही, त्याने कुणाचं काही वाकडं झालं नाही. सर तिथेच आहेत. लॅबचं काम पण त्यांच्याकडेच आहे. आणि मी आठ महिने घरी.

इंटरव्ह्यूला जाते. सगळे एकच विचारतात, आधीची नोकरी का सोडली? पत्र कुठाय? ओळखीचे लोक शिकवतात, घरची अडचण होती म्हणून सांग, लग्नाचं चाललं होतं म्हणून सांग. परवा विरारला एका ऑफिसात तिथल्या बाईंनी फॉर्म पुढे केला. सोडण्याचं कारण, असा रकाना. मी लिहिलं, खोट्या माफीनाम्यावर सही करायला नकार दिला, म्हणून काढलं. त्यांनी वाचलं. फॉर्म परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “असं नका लिहू. नवा देते, साधं काहीतरी लिहा.”

मी म्हटलं, “नवा नको. हाच घ्या.”

त्यांनी घेतला नाही. काम मिळालं नाही. पुढच्या ठिकाणीही बहुतेक मिळणार नाही. पण त्या रकान्यात मी प्रत्येक वेळी हेच लिहिणार, याच शब्दांत, आणि खाली माझं नाव.