इंजिन बंद करून ऐकायचं गाणं

बातमी सातारच्या वार्ताहराकडून आली आणि सवयीप्रमाणे मी ती आधी लहान केली. येथील जुने टॅक्सीचालक दगडूअण्णा यांचे अल्प आजाराने निधन, पश्चात एक मुलगा. छापायला एवढं पुरे होतं. कागद खिळे जुळवायला खाली छापखान्यात गेल्यावर लक्षात आलं, की सांगलीच्या या कचेरीत त्यांना ओळखणारा मी एकटाच होतो. ज्याला सांगावं असं कोणी नव्हतं. मी पुढचा कागद घेतला.

त्याआधी काही वर्षं मी सातारला वार्ताहर होतो. वाई, मेढा, पाटण, जिथे एस.टी. वेळेवर पोचवणार नाही तिथे अण्णांची गाडी घ्यायची, असा कचेरीचा रिवाज होता. गाडी विलायती, तीन मालकांच्या हातून उतरत त्यांच्याकडे आलेली. दारं बाहेरून उघडत, आतून नाही. डॅशबोर्डमध्ये मूळचा रेडिओ होता, पण त्याचा स्टेशन पकडणारा भाग केव्हाच निकामी झालेला. आवाज मोठा करणारा भाग आणि खालचा स्पीकर शाबूत होते. दुरुस्तीवाल्याने नवा संच बसवा म्हणून सांगितलं. अण्णांनी तो बसवला नाही. मुलगा संपत फौजेत होता. त्याने रजेवर येताना एक वापरलेला टेपरेकॉर्डर आणला होता आणि जाताना तो घरीच ठेवला होता. त्याच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून अण्णांनी ती रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे डाक देऊन जोडून घेतली. टेप टॉवेलात गुंडाळून समोरच्या कप्प्यात ठेवायचा, म्हणजे खड्ड्यांत आवाज थरथरत नसे. जुना रेडिओ तापायला मिनिटभर घ्यायचा. "म्हाताऱ्याला उठून बसू द्या," अण्णा म्हणायचे.

व्यवस्था स्वस्तातली होती आणि तिच्यात एक खोट होती. इंजिन चालू असलं की बॅटरी भरणाऱ्या डायनामोची शिटी गाण्यात शिरायची. गाडीने वेग घेतला की शिटी चढायची, आणि चढावर तर गाणारी बाई आणि डायनामो यांच्यात डायनामोच जिंकायचा. दुरुस्तीवाल्याने दोनदा उपाय केले, शिटी गेली नाही. त्यामुळे पाचगणीहून परतताना पसरणी घाटाच्या माथ्यावर अण्णा इंजिन बंद करत, गाडी न्यूट्रलला टाकत आणि उतारावर सोडून देत. पेट्रोल महागल्यापासून बरेच ड्रायव्हर तसं करत, म्हणून मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. ब्रेकवर पाय, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा बटणावर. टायरांचा आवाज, वारा आणि गाणं... खाली वाईची घरं आणि कृष्णेचा पट्टा दिसत असे.

कॅसेट एकच होती. तिच्यातलं गाणंही नेहमी तेच, आकाशवाणीवरून उतरवलेलं एक भावगीत. संपतने टेप रेडिओसमोर ठेवून ते घरात भरलं होतं, त्यामुळे गाण्याबरोबर घरही आत आलं होतं. सुरुवातीला कोंबडी, मग भांड्याचा आवाज. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी एका बाईचा आवाज यायचा, लांबून, सैपाकघरातून. "आवं, च्या गार हुतूय." तेवढं झालं की अण्णा बटण फिरवून आवाज बंद करत, गाडी गिअरमध्ये टाकत आणि क्लच सोडत. इंजिन धक्का देऊन चालू व्हायचं. उतार बाकी असला तरीही. गाण्याचं तिसरं कडवं मी त्या गाडीत कधी ऐकलं नाही.

ती शेवंताबाई होत्या, अण्णांच्या पत्नी. मी सातारला गेलो त्याच्या आधीच्या वर्षी त्या वारल्या होत्या. हे मला अण्णांनी नव्हे, स्टँडवरच्या दुसऱ्या ड्रायव्हरने सांगितलं. स्टँडवर या गाण्याची थट्टा चालत असे. "अण्णा, आता तरी घ्या की च्या," कोणीतरी ओरडायचं. अण्णा हसत नसत आणि रागावतही नसत. गाडी पुसत राहायचे.

एकदा घाटात मी विचारलं, की हे घरी बसून का ऐकत नाही. तिथे डायनामो नाही, ब्रेकची काळजी नाही. एक वळण गेलं, दुसरं गेलं.

"त्या टेपच्या बारक्या स्पीकरवर तिचा आवाज नीट येत न्हाई," ते म्हणाले. मग ब्रेक दाबत म्हणाले, "आन् आला तर मी उठून सैपाकघरात जातो, बातमीदार. दोनदा गेलो. हितं गाडी सोडून कुटं जातोय?"

नंतर माझी सांगलीला डेस्कवर बदली झाली. सातारला कामानिमित्त जाणं व्हायचं, तेव्हा स्टँडवर चौकशी करायचो. अण्णा भाडं घेऊन वर्दीला गेलेत, इतकंच कळायचं.

बातमी छापून आल्यावर तीन-चार आठवड्यांनी मी सातारला गेलो. संपत रजा वाढवून थांबला होता. गाडी घरापुढे सपाटीवर उभी होती, टपावर चिंचेचा पाला साचलेला. संपत म्हणाला, भंगारवाला येऊन बघून गेलाय. मग वडिलांबद्दल म्हणाला, "आबा ह्यात काय ऐकत हुतं? स्टँडवरची माणसं सांगतात, मला कवा म्हायतीच न्हवतं." मी त्याला सांगितलं. घरात गाणं भरताना तो स्वतः तिथे होता, पण आई काही बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं.

आम्ही गाडीत बसलो. तो अण्णांच्या जागेवर, मी नेहमीच्या. बॅटरीत थोडा जीव होता. म्हाताऱ्याला उठून बसायला वेळ लागला. मग कोंबडी, भांडं, दोन कडवी... "आवं, च्या गार हुतूय." माझी नजर बटणाकडे गेली. तिथे कोणाचा हात नव्हता. कॅसेट पुढे गेली आणि अगदी जवळून, रेडिओशेजारीच बसल्यासारखा, अण्णांचा आवाज आला. रागावलेला.

"गप गं! टेप हुतंय न्हवं."

म्हणजे एवढ्यासाठी ते बटण फिरवत होते. मी संपतकडे पाहिलं नाही. पण सैपाकघरातून लगेच उत्तर आलं, आणि ते हसत आलं.

"हुं द्या की मग. माझं बी हुं द्या."

हे अण्णांना आठवत होतं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी कॅसेट तिथपर्यंत कधी ऐकली होती का, तेही माहीत नाही. माझ्यासमोर तरी नाही.

संपतने कॅसेट मागे घेतली नाही. तिसरं कडवं सुरू झालं होतं आणि बॅटरी उतरत चालली होती, त्यामुळे आवाज हळूहळू बारीक होत गेला. इंजिन बंद होतं. घराचं दार उघडं होतं आणि सैपाकघरापर्यंत सगळं दिसत होतं. आम्ही दोघं उठलो नाही.