दवण्याच्या कुळातली दारू

टोकियोतल्या फुनाबोरीहून सकाळी निघताना माझी मुलगी मुक्ता एवढंच म्हणाली, "बाबा, आज तुम्हाला एक ओळखीचं झाड दाखवते." कोल्हापूरच्या कॉलेजात मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे असल्या आमिषाला मी हमखास भुलतो. पण जपानला मी काही झाडं बघायला आलो नव्हतो. मोठा भूकंप झाला तेव्हा मुक्ता टोकियोतच होती, आणि तेव्हापासून तिच्या आईला धड झोप नाही. संशोधन आटोपून कायमची घरी ये, असं सांगून तिच्याकडून होकार घ्यायला मला पाठवलं होतं. येऊन इतके दिवस झाले, माझी जीभ रेटत नव्हती.

गाडी नागानोच्या डोंगरात शिरली तसा आम्ही एकिबेन (स्टेशनावर मिळणारा जेवणाचा डबा) उघडला. माझ्या भाताखाली मासा निघाला. कोल्हापूरचा असून शाकाहारी, त्याला इलाज नाही! मी लोणच्यावर भागवलं.

स्टेशनापासून थोड्या अंतरावर मोरिता-सान या पन्नाशीच्या बाईंची छोटी भट्टी होती. अंगणात चंदेरी पानांचे वाफे होते. एक पान चुरगळून नाकाशी नेलं आणि मी थबकलो. चैत्रात जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्याच घरातलं हे झाड! जरा उग्र आणि औषधी वासाचं. इंग्रजीत वर्मवुड म्हणतात ते हेच.

"याची दारू करतात, ॲब्सिंथ," मुक्ता म्हणाली.

"ती पिऊन माणसं वेडी व्हायची ना?" मी ऐकीव ज्ञान पाजळलं.

मुक्ताने जपानीत विचारलं. मोरिता-सान हसल्या. "त्या म्हणतात, लोक वाटेल तेवढी प्यायचे, वाटेल ती भेसळ करायचे आणि नाव या झाडाचं खराब झालं."

हे झाड, बडीशेप आणि तिच्याच वासाचं अनिस मद्यार्कात भिजवून तांब्याच्या भांड्यात उकळतात. वाफ गार होऊन वास पुढे येतो, कडवटपणा बराचसा मागे राहतो. मग पुन्हा पाला भिजवला की हिरवा रंग चढतो. आमच्या प्रयोगशाळेतलं ऊर्ध्वपातन इतक्या प्रेमाने करताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

मोरिता-सान मूळच्या समुद्रकाठच्या. त्या भूकंपात घर गेलं, तेव्हा इकडे आल्या. मी विचारलं, "आता भीती नाही वाटत?"

"वाटते," मुक्ताने त्यांचं उत्तर सांगितलं. "म्हणून बूट उशाशी ठेवून झोपतात. मीही ठेवते, बाबा."

हे मला माहीत नव्हतं. आता बोलायचंच, असं ठरवलं.

तेवढ्यात पेले आले. एरवी मी दारूला शिवत नाही, पण इथे विद्यार्थी होतो. सरबत करायच्या सवयीने भडाभडा पाणी ओतायला गेलो, तर मोरिता-सान यांनी हळूच माझा हात धरला. गार पाणी थेंबाथेंबाने घालायचं. हिरव्या दारूत हळूहळू पांढरे ढग उठले आणि बडीशेपेचा वास खोलीभर पसरला.

इतक्यात भूकंपाच्या इशाऱ्याने मुक्ताचा फोन किंचाळला आणि जमीन हलली. कपाटातल्या बाटल्या किणकिणू लागल्या. मोरिता-सान यांनी तांब्याच्या भांड्याखालची आच बंद केली. मुक्ताने धावत जाऊन दार उघडलं, ते अडकू नये म्हणून मध्ये स्टूल लावलं आणि मला टेबलाखाली ढकललं. दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नाहीत. कोण काय करणार, हे दोघींना ठाऊक होतं. मी पेला घट्ट धरून बसलो होतो. जेमतेम मिनिटभरात सगळं थांबलं.

मोरिता-सान काहीतरी म्हणाल्या आणि मुक्ता खळखळून हसली. "त्या म्हणतात, तुम्ही थेंबही सांडला नाही!"

मीही हसलो, आणि डोळे भरून आले. जिला न्यायला आलो होतो, ती इथे पाहुणी नव्हती. मग मी पहिला घोट घेतला. आधी गोडसर, मग थंड, आणि शेवटी जिभेवर थोडा कडू.

कोल्हापूरला पोचलो. बॅग दारातच होती, तोच बायकोने विचारलं, "काय म्हणाली?"

"मी विचारलंच नाही." आणि तिला सगळं सांगितलं, टेबलाखाली बसल्याचंसुद्धा.

मग ती पदराने डोळे पुसून म्हणाली, "माझा पासपोर्ट काढायला किती दिवस लागतील हो?"