माल उतरेल तिथं कर

आमच्या गोठ्याच्या भिंतीवर जीएसटीचा पंधरा अक्षरांचा नंबर आहे. तो मी स्वतः रंगवला, निळ्या ऑइलपेंटनं, बैलांची शिंगं रंगवतो त्याच डब्यातून. दुकानाच्या पाटीवर नंबर पाहिजे असा नियम आहे आणि माझं दुकान म्हणजे हा गोठा. सून म्हणाली, "मामाजी, दुकान तर फोनवर आहे. गोठ्यावर कायले लिहून राह्यले?"

"दोर कुठं वळतो मी? फोनवर काय?"

ती हसत आत गेली. नंबर राहिला.

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण बैलाचा कासरा, वेसण, तोंडावर बांधायची मोरकी, गोंड्या-घुंगरांच्या माळा यांत मला कोणी शिकवू शकत नाही. आम्ही तांड्यावरची माणसं. माझ्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, लदेणी म्हणत त्या धंद्याला. लदेणी बुडाली, पण दोर वळायची कला हातात उरली. बाजारात मात्र लोक नायलॉनच्या दोराला हात घालायला लागले. सुताचा दोर पाहायचे, गोंडा हलवायचे, पुढं जायचे. मग सुनेनं माझ्या मालाचे फोटो काढून फोनवर दुकान टाकलं.

पहिला फोन पुण्याहून आला. बाई विचारते, "काका, ही मोरकी भिंतीवर टांगली तर चालेल का?"

मी म्हटलं, "टांगा ना बाई. तुमची भिंत पळून जाते काय?"

सुनेनं माझ्या हातातून फोन ओढला. पण बाईनं दोन घेतल्या! त्या दिवसापासून फोन वाजला की मी चहाचा कप तसाच ठेवून उठतो. या वयात असं कोणी माझ्या मालाला विचारील हे माझ्या बुढीलाही खरं वाटत नव्हतं.

मग परराज्यातून विचारणा यायला लागली. सून म्हणाली, "राज्याबाहेर माल विकायचा तर धंदा केवढाही लहान असो, नंबर काढाच लागते. मग बिलं आली, दर महिन्याचं विवरण आलं. वणीच्या टॅक्सवाल्याले देऊन टाकू सगळं."

"विवरण त्याले दे. बिल मीच करीन."

"आणि चुकलं तर?"

"एक जरी बिल चुकलं, तर बिलाचं कामही त्याले दे. मंग मी दोराशिवाय कायले हात लावत नाही."

बोललो खरा. पण शिकलोही जिद्दीनं. फोनवरच्या बिलात गिऱ्हाइकाचं राज्य निवडायचं असतं. गिऱ्हाईक आपल्या राज्यातलं असलं की कराचे दोन भाग पडतात, एक राज्याचा, एक दिल्लीचा. परराज्यातलं असलं की एकच सलग कर लागतो. दोन्हीकडे बेरीज तीच. मला मोठी मौज वाटायची. बटण दाबलं की माझ्या गोठ्यातून निघालेल्या गोंड्याचा हिशेब थेट दिल्लीला!

पोळ्याच्या तोंडावर सगळ्यांत मोठी मागणी आली. पैनगंगेच्या पलीकडच्या एका दुकानदाराला बैलांचा साज ठोक पाहिजे होता. बुढी आणि मी पाऊसभर वळत बसलो होतो, तो सगळा माल त्याच्या एका मागणीत गेला. मी गठ्ठे बांधले, बिल केलं, टेम्पोवाल्याच्या हाती कागद दिला आणि वर त्याला सांगितलं, "सांभाळून ने, माल नोय तो, नवरदेव आहे!"

दुपारी दुकानदाराचा फोन.

"काका, टेम्पो दारात उभा आहे. पण मी माल उतरवून नाही राह्यलो. बिल चुकलं."

"काहून चुकलं?"

"माहा नंबर पाहा. छत्तीसनं सुरू होते. तुमचा सत्तावीसनं. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. मी तेलंगणात आहो आन् तुम्ही मले महाराष्ट्रात बसवलं. या बिलावर भरलेला कर मले माह्या करातून वळता करून भेटत नाही."

पोळा परवावर. टेम्पोवाला तासभर थांबायला तयार होता, मग माल घेऊन परत. आणि पोळा झाल्यावर बैलाचा साज कोण घेतो? पुढच्या वर्षापर्यंत घुशींनाच त्याची मजा. सून दारात उभी राहून ऐकत होती, तेही मला दिसत होतं.

मी अडून बसलो. "अहो, परराज्य कायचं? आमच्या टेकाडावरून तुमच्या देवळाचा कळस दिसते. उन्हाळ्यात बकऱ्या नदी पार करून चरून येतात."

"बकरीले जीएसटी नाही, काका."

"तुमच्याच गावात माही बहीण दिली हाये! बहीण दिली ते गाव परकं असते काय?"

तिकडे तो मोठ्यानं हसला. "बाप्पा! मंग तर तुम्ही साऱ्या गावाचे मामा. मामा, भाच्याचं ऐका, बिल बदला. पोळा आपला एकच आहे, पण कर जाते तो जिथं माल उतरते तिथं."

जिथं माल उतरते तिथं. हे वाक्य मी ऐकलं होतं! माझा बा दोर वळताना आज्याच्या गोष्टी सांगायचा. तांडा दहा गावांतून जायचा, पण ज्या गावात गोणी पाठीवरून खाली आली, जकात त्या गावाची. नुसतं वाटेवरून गेलेल्या बैलाला कोणी अडवायचं नाही. म्हणजे हा कायदा काही नवा नाही, आमच्याच बैलांच्या पाठीवरून आला! मला इतका आनंद झाला की मी बाजेवरून उठून उभाच राहिलो.

"थांब भाच्या, फोन ठेवू नको. सुनबाई, तुह्या फोनवर बिल उघड. हात लावू नको, नुसतं धर."

जुनं बिल रद्द केलं. नव्यावर राज्य तेलंगण निवडलं. दोन तुकड्यांचा कर मिटला आणि एकच सलग ओळ उमटली. बेरीज तसूभर हलली नाही. बिल त्याच्या फोनवर गेलं. मी फोन कानाला दाबून धरला. मग माझ्या कानात घुंगरं वाजली. गठ्ठा उतरला, दुसरा उतरला, छुमछुम, छुमछुम, नदीपलीकडून! बुढी चुलीजवळून उठून आली, तिच्याही कानाला फोन लावला.

फोन ठेवल्यावर सून म्हणाली, "मामाजी, एक बिल चुकलं तर वणीवाल्याले द्यायचं ठरलं होतं."

"महिन्याचं विवरण गेलं काय अजून?"

"नाही."

"मंग सरकारात जाईन ते बिल बरोबरच जाईन. चुकलं कुठं?"

ती डोक्यावरचा पदर तोंडाशी धरून हसत राहिली. पण वणीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

पोळ्याच्या सकाळी शिंगं रंगवून झाली आणि मी लाल रंगाचा डबा घेऊन भिंतीपाशी गेलो. नंबराचे पहिले दोन आकडे लाल केले, ठसठशीत, बिल करताना बाजेवरून दिसतील असे.

"हे काहून?" सुनेनं विचारलं.

"रंग उरला होता," मी म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. गिऱ्हाईक भाव विचारत होतं. मी म्हटलं, "भाव सांगतो. पहिले सांगा, माल उतरणार कुठं?"